दुसऱ्या भागातलं मायचं गाणं

"माहं गाणं तं यशवंतभाऊनंच कापलं बाप्पा. भाची म्हणे, पहिलाच भाग चांगला."

मामाजी, तुम्ही गेल्यानंतर, तुमच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी मी मंडपाच्या कनातीमागे पाण्याचे ग्लास विसळत होते, तेव्हा हे वाक्य कानावर पडलं. कनातीच्या पलीकडे कुंदाबाई बसल्या होत्या. करडीच्या तुमच्या नाट्यमंडळात वर्षानुवर्षं कुणाची ना कुणाची आई होणाऱ्या कुंदाबाई. शेजारी देवाभाऊ होते, तुमचे ठरलेले खलनायक.

"कायचा पहिला भाग?" देवाभाऊंनी विचारलं.

"तो कार्टूनचा सिनेमा नाही का. घंटावाल्या पोरीचा. त्याचा दुसरा भाग यशवंतभाऊनं नागपूरले पाहला. आल्याबरोबर मले म्हणे, कुंदा, औंदा तुले गाणं देतो. त्या सिनेमातल्या मायले दुसऱ्या भागात गाणं हाये, मंग आपल्या मायले काहून नाही? मास्तरच्या मागं लागून लिहून घेतलं. मी पाठ केलं. अन् मंग एक दिवस म्हणे, राहू दे. भाची इंग्लिस शिकली हाये, तिले समजते त्यातलं. ते म्हणते पहिलाच चांगला. अन् पहिल्यात माय गात नाही."

"मंग आता?"

"आता काय? हिरोईन पाच गाणे म्हणन, अन् मी दारात उभी राहीन."

"तुले तं सवयच हाये. मास्तरले म्हण, औंदा मले दाराचंच पात्र द्या."

"चूप रे मुडद्या."

दोघं हसले आणि त्यांनी लगेच हसू आवरलं. आपण कुठे बसलो आहोत ते त्यांना आठवलं असावं. मी हातातला ग्लास पुन्हा एकदा विसळला. तो आधीच स्वच्छ होता.

यशवंतभाऊ म्हणजे तुम्ही आणि भाची म्हणजे मी. तुम्ही मला हे सांगितलं नव्हतं.

खरं तर तुम्ही सांगितलं होतं. मी वाचलं नाही. पण तिथवर मला सावकाश यावं लागेल.

मी पाचवीत होते तेव्हा त्या सिनेमाचा पहिला भाग आमच्या तुमसरच्या घरी आला. पोरीला इंग्रजी शाळेत घातलंय तर घरातही इंग्रजी कानावर पडावं, म्हणून बाबांनी डीव्हीडी आणली होती. तुम्ही तेव्हा तुमसरच्या राइस मिलमध्ये होता. रविवारी अर्ध्या दिवसाने सुटलात की आमच्याकडे जेवायला यायचात. भुवयांवर तांदळाचा कोंडा असायचा. सोफा खराब होईल म्हणून तुम्ही खाली बसायचात आणि तुम्ही खाली बसलात म्हणून मीही.

डोंगरातलं एक गाव. गावातली मोठी घंटा मुकी झालेली. घंटा ओतणाऱ्याची मुलगी तिचा नाद शोधायला निघते, बरोबर एक सतत बडबडणारं गाढव. नाद चोरलाय कावळ्यांच्या राजाने. मुलगी तिथवर पोचते, गाते, घंटा वाजते, सगळं गाव नाचतं.

"काय म्हणून राहिलं ते गाढव?" तुम्ही विचारलंत.

गाढव बोलून झाल्यावर मी तुम्हाला हळू आवाजात मराठीत सांगितलं. तुम्ही मान हलवलीत.

"आता सांगून काय फायदा? त्यानं बोलाच्या आधी माह्या कानात पडलं पायजे. अर्धी ओळ पुढं राहा."

प्रॉम्प्टर कसा असतो हे मला त्या दुपारी कळलं. झाडीपट्टीच्या नाटकात कोण नागपूरहून येतं, कोण वडशाहून. एकत्र तालीम झाली तर झाली, नाहीतर नाही. सगळं नाटक विंगेतल्या एका माणसाच्या आवाजावर चालतं. नटाला ऐकू गेलं पाहिजे आणि पहिल्या रांगेलाही जाता कामा नये. तुम्ही तो आवाज होता. मला तो सिनेमा तोंडपाठ होता, त्यामुळे अर्धी ओळ पुढे राहणं मला जमलं. पुढच्या रविवारी गाढवाने विनोद करायच्या आधीच तुम्ही हसलात. आई स्वयंपाकघरातून बघायला आली, काय झालं म्हणून.

वर्गात मला उत्तर येत असूनही मी हात वर करत नसे. शाळेत पुरेसं इंग्रजी बोलायचं, घरी पुरेसं मराठी, आणि दोन्हीकडे जास्तीचं काही बोलायचं नाही, असा माझा नियम होता. तुमच्या कानात मात्र मी दीड तास न थांबता बोलायचे. एकाच माणसाला ऐकू जाईल असाही आवाज असतो आणि त्याचंही काम असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तुमच्या शेजारी बसून ते नुसतं कळत गेलं.

एकदा तुम्ही पडद्याकडे बोट दाखवलंत. "हे कंदील धरून दारात उभी हाये, ते कोण?"

"तिची आई."

"मंग बोलत काहून नाही?"

"तिला काही काम नाही सिनेमात."

"कंदील धरून उभी हाये ना बिचारी. अन् हे म्हणते काम नाही."

मला वाटलं तुम्ही गंमत करताय. पण तुमची नजर नेहमी तशाच लोकांवर असायची. हिरो विसरला तर चार वाक्यं स्वतःची जोडून वेळ मारून नेतो, असं तुम्ही म्हणायचात. ज्याला दोनच वाक्यं आहेत तो एक विसरला तर त्याचं अर्धं नाटक गेलं. म्हणून वहीत बोट हिरोच्या ओळीवर ठेवायचं आणि डोळा त्या दोन ओळीवाल्यावर.

दुसरा भाग यायला अकरा वर्षं गेली. तेव्हा मी नागपूरला शिकत होते आणि तुमचा आवाज बसायला लागला होता. आधी सगळे म्हणाले, जागरणाने बसला. मग म्हणाले, मिलच्या धुळीने. मग डॉक्टरांनी नागपूरला तपासणी करायला सांगितली. तुम्ही एकटेच आलात, मामी घरी राहिल्या. सकाळी सगळ्या तपासण्या आटोपल्या आणि गाडी संध्याकाळची होती. बाकावर बसून राहण्यापेक्षा सिनेमा बघू, असं मी म्हटलं. कोणता, ते सांगितल्यावर तुमचा चेहरा उजळला.

"घंटावाली पोरगी? मोठी झाली असन आता."

थिएटरच्या खुर्चीत बसताना तुम्ही दचकलात. "हे तं मागं जाऊन राहिली ना!" मग रिपोर्टची फाइल मांडीवर आडवी ठेवलीत, डबा ठेवावा तशी, आणि कान माझ्याकडे केलात.

मामाजी, तो सिनेमा मी आधी पाहिलेला नव्हता. अर्धी ओळ पुढे राहणं शक्यच नव्हतं. मी दीड ओळ मागे होते आणि घाईत माझा आवाज चढत होता. पंधरा-वीस मिनिटं झाली असतील. पुढच्या रांगेतली बाई मागे वळली आणि तिने इंग्रजीत विचारलं की जरा शांत बसता का. ती उद्धट नव्हती. तिने फक्त विचारलं. मी तीनदा सॉरी म्हटलं आणि गप्प झाले.

तुमचा कान माझ्याकडेच होता. थोडा वेळ तो तसाच राहिला. मग तुम्ही हळूच सरळ बसलात.

हे गाणं संपलं की सांगू, असं मी ठरवलं. मग ठरवलं मध्यंतरात सांगू. मध्यंतरात तुम्ही विचारलं नाहीत आणि मी सांगितलं नाही. उरलेला सगळा सिनेमा मी त्या बाईच्या केसांतली क्लिप बघत होते. ती पुन्हा वळेल की काय एवढंच माझ्या डोक्यात होतं. शेवटाला एक जागा आहे, जिथे मुलगी सगळ्या गावासमोर गायला तोंड उघडते आणि आवाजच येत नाही. बराच वेळ येत नाही. तेव्हा तुम्ही स्वतःशीच पुटपुटलात, "इसरली नाही ते. थांबली हाये." मला तेवढ्यानेही धास्ती वाटली. मी तुमच्या हातावर हात ठेवला. तुम्हाला तो प्रेमाने ठेवलाय असं वाटलं असेल. मी तुम्हाला गप्प करत होते.

स्टेशनवर चहा घेताना तुम्ही म्हणालात, "पहिल्यापेक्षा हा चांगला हाये."

"कसा काय?" माझ्या आवाजात धार होती. ती मला ऐकू आली होती.

"पाय, पहिल्यात गाणं लागलं का कथा खाली बसून जाते. पोरगी पुलावर उभी हाये. गाणं लागलं. संपलं. तरी पोरगी पुलावरच. ह्याच्यात ते घंटेची दोरी हातात धरून गाणं सुरू करते, अन् गाणं संपते तवा दोरी सोडून देल्ली राहते. म्हणजे गाण्यात काहीतरी घडलं ना?"

"पण पहिल्यातली गाणी लक्षात राहतात. ह्यातलं मला एकही आठवत नाही."

"आठवाले चार दिवस तं जाऊ दे. बरं, मायचं गाणं पाय. ते तेच होतं ना, पहिल्यात पोरगी म्हणते ते? मायनं धीरं म्हणलं फक्त. म्हणजे ते पोरीचं गाणं नव्हतंच, मुळात मायचंच होतं."

"नाही मामाजी, ते वेगळं आहे. शब्द वेगळे आहेत."

"शब्द मले कुठं समजते? मी चाल म्हणून राहिलो."

"चालही वेगळी आहे."

मी हे ठामपणे सांगितलं. ते गाणं चालू असताना मी ऐकतच नव्हते.

तुम्हाला पोचवायला मीही निघाले होते. गाडीत आपण भांडत राहिलो. भंडारा रोड गेलं तरी आपलं चालूच होतं. म्हणजे मी भांडत होते, तुम्ही मजेत होता. कावळा पहिल्यात कसा खराखुरा दुष्ट होता आणि दुसऱ्यात त्याला उगाच चांगलं करून टाकलंय, असं मी म्हटलं. तुमचं म्हणणं, दुष्ट माणूस लिहिणं सोपं असते, आमचा देव्या हाये ना, मिशा लावल्या का झाला दुष्ट. समोरच्या बाकावरचे गृहस्थ हसले. आपल्याला हसतायत असं मला वाटलं. तुमच्या बसक्या आवाजाला, तुमच्या बोलीला, कार्टूनवर वाद घालणाऱ्या आपल्या दोघांना. आणि मग मी ते वाक्य बोलले.

"मामाजी, तुम्हाला अर्धा सिनेमा समजलाच नाही. मी सांगणं बंद केलं होतं ना."

तुम्ही थोडा वेळ माझ्याकडे बघितलंत. रागाने नाही. आपल्याकडून काहीतरी हिशोबात धरायचं राहून गेलं, असं वाटल्यावर माणूस बघतो तसं.

"हो बाप्पा," तुम्ही म्हणालात. "ते बी खरं."

मग तुमसर रोड येईपर्यंत तुम्ही सिनेमाबद्दल बोलला नाहीत. धान कुठवर आलं, मामीचा गुडघा कसा आहे, असलं बोललात. मला वाटलं मी वाद जिंकला. बरंही वाटलं, हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं होतं.

तुम्ही म्हणजे करडीपासून तुमसरपर्यंतच्या नटांना ओळ देणारा माणूस. पडद्याआडून नुसत्या श्वासावरून ओळखायचात की समोरचा विसरला आहे की मुद्दाम थांबला आहे. आणि तुम्ही माझं ऐकलंत, कारण मी इंग्रजीत शिकले होते. माझ्या जागी दुसरं कुणी असतं तर तुम्ही म्हणाला असतात, जाय बे, मले नको शिकवू. गावी पोचल्याबरोबर कुंदाबाईंना गाणं दिलंत, पण मग माझं वाक्य मनात घोळवत तुम्ही तुमचे स्वतःचे कान खोटे मानलेत.

तुमच्या घरी मी शेवटची आले तेव्हा तुमचा आवाज पूर्ण गेला होता. मामी म्हणाल्या, "आता इशाऱ्यानं बोलते. मले अर्धं समजते, अर्ध्यावर भांडण होते." त्या हसल्या आणि आत जाऊन बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. तुम्ही खाटेवर उशीला टेकून बसला होता. उशीपाशी नव्या नाटकाची वही होती. औंदाच्या मंडईत, दिवाळीनंतरच्या जत्रेत करायचं ते. तुम्ही वही उघडलीत, एक पान काढून माझ्यापुढे धरलंत. पानभर, नाटक लिहिणाऱ्या मास्तरांचं बारीक, जोडून लिहिलेलं अक्षर होतं आणि त्यावरून तिरपी पेन्सिलची रेघ गेली होती. तुम्ही रेघेवर बोट ठेवलंत आणि माझ्याकडे बघत राहिलात. भुवया वर. काहीतरी विचारत होता.

हाताने लिहिलेलं मराठी मला भरभर वाचता येत नाही, मामाजी. छापलेलं येतं. हाताचं अक्षर वाचायला मला पहिलीतल्या मुलासारखं एकेक अक्षर लावावं लागतं, ओठ हलवावे लागतात. तुमच्यासमोर ते करायची मला लाज वाटली. मी पानावरून नजर फिरवली, जणू वाचलं, आणि म्हटलं, "छान आहे मामाजी."

तुम्ही मान डोलावलीत. वही मिटलीत.

त्या रेघेखाली काय होतं ते मला कनातीमागे कळलं. तुम्ही विचारत होता की हे कापलं ते बरोबर केलं ना. एकदा विचारून बघत होता. मी नाही म्हणाले असते तर तुम्ही उशाखालचं रबर काढून रेघ पुसली असतीत. मला तेवढं माहीत आहे तुमच्याबद्दल.

तुम्ही गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी तो दुसरा भाग मोबाइलवर पुन्हा पाहिला. घर माणसांनी भरलं होतं. आई पुढच्या खोलीत बायकांमध्ये बसली होती, तिचं रडणं मध्येच थांबायचं आणि कुणी नवीन आलं की पुन्हा सुरू व्हायचं. मी मागच्या अंगणात तांदळाच्या कोठीला टेकून बसले आणि कानात इअरफोन घातले. कुणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, मामा गेला आणि ही कार्टून बघते. पण तुमच्याजवळ बसायची दुसरी जागा मला सुचली नाही.

मुलगी मोठी झालेली आहे. घंटा आता रोज वाजते. लोक तिच्यासाठी टाळ्या वाजवतात, म्हणून ती अजून वाजवते, आणि घंटेला बारीक तडा जायला लागलाय हे तिला दिसत असूनही ती थांबत नाही. कावळ्याने नाद चोरला नव्हता. घंटा फुटेल म्हणून त्याने तो लपवला होता. हे कळल्यावर पहिला सिनेमा डोक्यात सगळा नव्याने उलगडतो. मग ते दोरीचं गाणं येतं. तुम्ही म्हणालात तसंच, पहिल्या ओळीला दोरी हातात आणि शेवटच्या ओळीला हात रिकामा, आणि मधल्या तीन कडव्यांत ती एकेक बोट सोडवताना दिसते. मी तेव्हा हे बघितलंच नव्हतं.

मग आई. पहिल्या भागात दारात उभी होती तीच, तोच कंदील. आता तो खाली ठेवते आणि गाते. फार हळू. तिचा आवाज काही खास नाही, तो मुद्दामच तसा ठेवलाय. मी तिथेच थांबवलं, पहिला भाग लावला, मुलीचं ते पुलावरचं गाणं ऐकलं, ज्यावर मी लहानपणी आरशासमोर हात पसरायचे. परत दुसरा. परत पहिला. चार वेळा केलं.

चाल तीच आहे, मामाजी.

नऊ-दहा वर्षांची असल्यापासून जे गाणं मला पाठ आहे ते मी ओळखलं नाही. तुम्ही एक शब्द न कळता ओळखलंत. मुलीने जे स्वतःचं म्हणून जगभर गाऊन टाळ्या मिळवल्या ते तिच्या आईने तिला झोपवताना म्हटलेलं होतं, आणि पहिल्या भागात कुणी हे विचारलंच नव्हतं, कारण आईला काम नव्हतं. दुसरा भाग स्वतः तर चांगला आहेच, तो पहिल्यालाही चांगला करून जातो. आता मी पहिला बघते तेव्हा नजर दारातल्या बाईवरून हलत नाही.

पहिलाच चांगला, असं मी का धरून बसले होते? वय नव्हतं माझं पहिलं प्रेम सोडायचं, असं म्हणता येईल, पण ते पूर्ण खरं नाही. पहिल्यात मुलगी सगळं एकटीच्या जिवावर करते आणि जग उभं राहून टाळ्या वाजवतं. ज्या मुलीला वर्गात हात वर करता येत नाही तिला तो सिनेमा हवा असतो. दुसऱ्यात ती चुकते, आणि चुकलेली असताना हट्टाने घंटा वाजवत राहते. मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

गाढवाबद्दल मात्र मी माघार घेत नाही. पहिल्यातलं गाढवच जास्त मजेदार आहे. हा वाद आपला राहिला.

तर मंडपात. त्रिसरण-पंचशील झालं. मेणबत्त्या वाऱ्याने विझत होत्या आणि मामी पुन्हा पुन्हा पेटवत होत्या. मग एकेक जण उठून बोलला. मिलमधले एक सहकारी बोलले, सरपंच बोलले, देवाभाऊ बोलले. देवाभाऊ स्टेजवर तीन तास गर्जतात, तिथे दोन वाक्यांत बसून गेले. सगळ्यांनी तुम्हाला पडद्यामागचा माणूस म्हटलं, कधी पुढे न आलेला. ऐकताना मला वाटत होतं, तुम्ही एकदा पुढे आला होता. कुंदाबाईंना गाणं देण्यासाठी आला होता. मी तुम्हाला परत मागे पाठवलं.

मास्तर सूत्रसंचालन करत होते. ते म्हणाले, "यशवंतरावांची लाडकी भाची, प्रज्ञा. तिनं दोन शब्द बोलावे."

आई लगेच म्हणाली, "ते नाही बोलत हो मास्तर. लाजरी आहे ते." माझी सुटका करण्यासाठी म्हणाली. आजवर असंच झालंय, आणि मी दर वेळी सुटले आहे.

कुंदाबाई दुसऱ्या रांगेत होत्या. पांढरं लुगडं, हात मांडीवर. त्यांच्या मनात तुमच्याबद्दल राग नव्हता, त्या तुमच्यासाठीच रडल्या होत्या. पण दिवाळीनंतर मंडईत त्या दारात उभ्या राहतील, आणि जो कुणी विचारेल त्याला सांगतील की यशवंतभाऊनं कापलं. तुमच्या नावावर ती रेघ राहील. आणि मी खरं सांगितलं तर सगळ्या गावाला कळेल की ज्या भाचीचं इंग्रजी तुम्ही मिरवत होता तिने तुम्हाला आगगाडीत कसं गप्प केलं, आणि तुमच्या हातातलं पान न वाचता छान आहे म्हटलं. मामींनाही कळेल. मामींना हे कळणं मला सगळ्यात जड वाटत होतं.

मी उठले. पाय आपोआप गेले असं लिहिता येईल, पण तसं झालं नाही. प्रत्येक पाऊल मी टाकलं. माइक उंच होता. देवाभाऊंनी तो वाकवून दिला. माझ्या मनात इंग्रजीत दोन वाक्यं तयार होती, तुम्ही किती प्रेमळ होता अशी. ती कुणालाही चालली असती आणि कुणाच्याच कामाची नव्हती. समोर दीड-दोनशे माणसं. मी तोंड उघडलं आणि काही आलं नाही. मास्तर मदतीला एक पाऊल पुढे आले. मी हाताने त्यांना नको म्हटलं.

मग मी बोलले. मागच्या रांगेपर्यंत गेलं असं आई नंतर म्हणाली.

"मामाजीनं गाणं कापलं ते माह्या सांगण्यानं. दुसराच भाग चांगला हाये, अन् त्यायले तो पुरा समजला होता. मी त्यायले खोटं पाडलं. मास्तर, कुंदाबाईचं गाणं नाटकात ठेवा."